बाटलीत शिरलेला दवाखाना

घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या भरताना चव घेतली तेव्हा ती चांगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे दोन महिने मी नेमकं हेच विसरलो होतो.

साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, २० लिटर. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) दोन आठवडे झाले, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण, यीस्टने साखर खाल्ली की आकडा उतरतो) सलग तीन दिवस १.०१२ वर थांबला, मग बाटल्या भरायच्या बादलीत काढली, बाटलीत गॅस व्हावा म्हणून लिटरला ६ ग्रॅम साखर घातली आणि अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी पहिली उघडली. झकास. पाचव्या आठवड्यात बायकोने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "जखम धुवायचं औषध पडलंय का यात?"

खरंच तसाच वास होता. मागे किंचित लवंगही, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही, कारण औषधाचा वास म्हटलं की क्लोरोफेनॉल हे उत्तर पाठ होतं. पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेनॉल नावाच्या संयुगांना भेटलं की हा वास तयार होतो आणि अगदी कणभरही नाकाला कळतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन (क्लोरीनपासून बनलेलं, जास्त टिकणारं जंतुनाशक) सहजी जात नाही. त्यावर उपाय कॅम्पडेन गोळीचा, ती दोन्ही निष्प्रभ करते. एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणून मी अर्धी कुटून घातली आणि मोठ्या विश्वासाने दुसरा घाणा लावला. पाचव्या आठवड्यात परत दवाखाना.

डोळे उघडले ते फेसामुळे. एका बाटलीचं झाकण काढलं आणि निम्मी बिअर ओट्यावर. क्लोरीनने वास येईल, पण गॅस कसा वाढेल? आणि दोष पाण्याचा असता तर वास भरतानाच असायला हवा होता, पाच आठवड्यांनी कशाला उगवेल? उरलेली बिअर दोन ग्लासांत खालीवर ओतून गॅस घालवला आणि हायड्रोमीटर सोडला. १.००७! म्हणजे बाटलीत कोणीतरी अजून जेवत होतं. घातलेली साखर कधीच संपली होती. आता आमच्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) कोणीतरी फस्त करत होतं.

इथे मी घाबरलो. हायड्रोमीटरचा एकेक पॉइंट (०.००१) उतरला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). पाच पॉइंट म्हणजे साखरेच्या गॅसवर आणखी अडीच व्हॉल्यूम. साध्या बाटल्या एवढ्या दाबाने फुटू शकतात. जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, क्रेटवर घडी घातलेली जुनी चादर, असा जामानिमा करून सगळ्या फ्रीजमध्ये गेल्या. गार झाल्यावर एकेक उघडली.

दुसऱ्या घाण्याच्या झाकणांवर मार्करने नंबर टाकले होते, ते इथे कामी आलं. १ पासून ३८ पर्यंत वास सगळ्यांना. एखाददुसरी बिघडली असती तर ती बाटली नीट धुतली नव्हती असं म्हणता आलं असतं. सगळ्याच बिघडल्या, म्हणजे वाटेत सगळ्यांना एकच कोणीतरी भेटलं होतं. फर्मेंटरमध्ये बिअर शुद्ध होती. मग उरलं काय? बादली, नळी आणि बादलीची तोटी.

तोटीतून मी दर वेळी सॅनिटायझर सोडायचो. उघडून मात्र कधीच पाहिली नव्हती, कारण ती उघडते हेच माहीत नव्हतं. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली, चमच्याच्या दांड्याने आतला फिरता भाग ढकलला आणि तो टक्कन बाहेर आला. खाचेत तपकिरी कडं. नखाने खरवडलं तर बुळबुळीत चिखल निघाला आणि वास चक्क लवंगेचा. मळावरून सॅनिटायझर कितीही वाहवा, आतलं यीस्ट सुखात असतं.

मग आठवलं. या घाण्यांच्या आधी याच बादलीतून मी सेझाँ ही बेल्जियन पद्धतीची बिअर भरली होती. सेझाँची काही यीस्टं डायस्टॅटिकस जातीची असतात. ती एक एन्झाइम सोडतात, त्याने डेक्स्ट्रिनची साखर होते आणि मग हळूहळू तीही संपते. वर तो लवंगेसारखा फेनॉल. सेझाँमध्ये याच गुणांचं कौतुक करायचं. पेल एलमध्ये तो दवाखाना.

नवी तोटी घेतली. नळीही, कारण ओरखडे पडलेलं प्लॅस्टिक कितीही घासलं तरी मनाला पटत नाही. बादली मात्र गुळगुळीत होती, ती ठेवली. आता भरण्याआधी आणि नंतर तोटी सुटी करून ब्रशने धुतो, सॅनिटायझर त्यानंतर. तिसऱ्या घाण्याच्या बाटल्या दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात उघडल्या. हायड्रोमीटर १.०१२ च्या आसपासच, औषध नाही, लवंग नाही. बायकोने ग्लास संपवला, एवढंच म्हणतो.

पुढच्या घाण्यांत नंबरांनी आणखी एक चुगली केली. ३६, ३७ आणि ३८ या बाटल्या दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागायला लागतात. बादली संपत आली की नळी हवा ओढते आणि तो ऑक्सिजन थेट बाटलीत जातो. बादली तिरकी धरून पाहिली, थोडा फरक पडला. सध्या त्या तिघी गॅस भरला की लगेच, सगळ्यांत आधी पिऊन टाकतो.