जीव मुठीत

हातमोजा फाटला तेव्हा आधी मला थोडा अभिमानच वाटला. गोल्फ शिकायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एवढ्यात मोज्याला भोक पडलं म्हणजे सराव काही कमी झालेला नव्हता. सरांनी मोजा माझ्याकडून घेतला, करंगळीच्या खाली, मनगटाच्या अंगाला पडलेल्या त्या भोकातून आपलं बोट बाहेर काढलं आणि ते माझ्यासमोर नाचवत म्हणाले, "हे मेहनतीचं भोक नाही. हे आवळण्याचं आहे."

सर वयाने माझ्या निम्मे असतील. पण शिकवणाऱ्याला सर म्हणायचं, एवढं तर आपल्याला येतंच.

उजव्या हाताने खेळणारा माणूस मोजा फक्त डाव्या हातात घालतो, कारण दांड्याच्या टोकाशी तो हात असतो. शिकवणारे म्हणे हात पाहणाऱ्यासारखा हा मोजा वाचतात. माझ्या भोकाचा अर्थ असा होता: मी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बोटांत धरत नव्हतो, तळहातात धरत होतो. तळहातात तो नीट बसत नाही, म्हणून घसरतो. घसरतो म्हणून मी आवळतो. आणि आवळूनही तो घसरायचा तेवढा घसरतोच, म्हणून कातडं झिजतं. तीन महिने मी जे काही करत होतो ते त्या पैशाएवढ्या भोकात मावलं होतं.

मग तो प्रसिद्ध प्रश्न आला. पुढे तो मला झोपेतही ऐकू यायला लागला. "एक म्हणजे क्लब हातातून गळून पडेल. दहा म्हणजे याहून जास्त आवळताच येत नाही. आत्ता किती आहे?"

"पाच," मी म्हणालो. अगदी प्रामाणिकपणे.

सरांनी समोर येऊन क्लबचं डोकं धरलं आणि सहज आपल्याकडे ओढलं. क्लब हातातून सुटला नाही. क्लबबरोबर मीच एक पाऊल पुढे गेलो.

"हे पाच?"

बहुतेक शिकवणारे सुरुवातीला चार-पाचाच्या आसपास राहा म्हणतात. काही तीनही म्हणतात. आकडा सांगितला की बरं वाटतं, जणू पकडीला कुठेतरी काटा आहे आणि तो पाचावर आणून ठेवायचा. पण हा काटा ज्याचा त्याच्या हातात आहे, आणि तोही रोज वेगळा. ज्याच्या मनगटात ताकद आहे त्याचं चार हे माझं सात असेल. उलट झोपून उठल्यावर माझं सात हे कुणाच्या तरी दोनाएवढं. शिवाय मोजणारा आणि आवळणारा हात एकच. आरोपीनेच पंचनामा लिहावा तसा प्रकार.

सरांनी त्यावर एक उपाय दिला, तो मात्र मला आवडला. आधी दहापर्यंत आवळायचं, बोटं पांढरी होईपर्यंत. मग एकावर यायचं, क्लब घसरायला लागेपर्यंत. मग मधे कुठेतरी थांबायचं. दोन्ही टोकं हाताला आठवत असली की मधली जागा त्याला बऱ्यापैकी सापडते. नुसतं "सैल धरा" म्हटलं तर हाताला कळत नाही, कारण त्याच्या मते तो सैलच असतो.

पण सैल का? हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. एवढ्या जोरात मारायचं आणि धरायचं हळूच, हे माझ्या हिशेबात बसेना. उत्तर कोपरापाशी सापडलं. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात, आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. मूठ गच्च आवळून मनगट गोल फिरवून बघा, गंजलेल्या बिजागरीसारखं फिरतं. आता मूठ सैल करून फिरवा. गोल्फमध्ये हीच बिजागरी लागते. क्लब मागे नेताना मनगट मुडपतं, खाली येताना ते उलगडतं, आणि त्या उलगडण्यातून क्लबच्या डोक्याला शेवटचा वेग मिळतो. चांगल्या खेळाडूचा क्लब मागे जायला पाऊण सेकंद घेतो, खाली यायला पाव. चेंडूशी गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. या पाव सेकंदात गंजलेली बिजागरी उघडायची कधी? ती उघडत नाही, क्लबचं तोंड वळून सरळ होत नाही आणि 46 ग्रॅमचा चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. त्या झाडीतली प्रत्येक फांदी मला एव्हाना ओळखते.

पकडीचा विषय निघाला की एक पक्षी उडत येतोच. सॅम स्नीड नावाचा मोठा अमेरिकन खेळाडू होऊन गेला. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत त्याच्या नावावर 82 विजय आहेत, आणि या आकड्याची बरोबरी 2019 मध्ये टायगर वूड्सने केली तोवर कुणालाच करता आली नव्हती. त्याचा सल्ला असा सांगतात की हातात पक्ष्याचं जिवंत पिल्लू आहे असं समजून क्लब धरा: उडून जाऊ नये इतका घट्ट, गुदमरू नये इतका सैल. दुसरे लोक पिल्लाऐवजी टूथपेस्टची उघडी ट्यूब देतात, पेस्ट बाहेर येता कामा नये. मला पिल्लू जास्त आवडतं, कारण आपल्याकडे त्याची एक म्हण आधीपासूनच आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्या क्लबने दोन्ही केलं आहे. एकदा तो खरोखरच हातातून सुटून चेंडूच्या पुढे जाऊन पडला. चेंडू जागेवरच होता.

पण पिल्लाबद्दल माझी एक तक्रार आहे. ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याचा क्लब, त्याचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं असतं. ताशी 150 किलोमीटर वेगाने ते गोल फिरत असेल तर ढोबळ हिशेबाने ते तुमच्या हातांना 30 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असतं. कुठल्याही पिल्लाचा याच्याशी काय संबंध? इतक्या ओढीला चारच्या पकडीने क्लब हातात राहील कसा?

राहतो, कारण पकड चारवर राहत नाही. दांड्यावर संवेदक बसवून ज्यांनी हे मोजलंय त्यांना दिसलं की एकाच स्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेऊन फिरवण्याच्या एका फेरीत, दाब वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. आणि गंमत म्हणजे प्रत्येक खेळाडूचा हा चढउतार त्याचा स्वतःचा असतो, आणि दर वेळी जवळजवळ तसाच उमटतो, सहीसारखा. म्हणजे "सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच दाब ठेवा" हे बरेच शिकवणारे सांगतात ते मोजमापाला धरून नाही. ते शिकवणाऱ्यांचं एक उपयोगी खोटं आहे. ओढ वाढली की हात आपसूक आवळतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. आपण वरून सांगायला गेलो की तो वेळेआधी आवळतो, आणि सगळं बिघडतं ते तिथे. हे कळल्यावर मी सरांना ते ऐकवलं. ते म्हणाले, "बरं. आता चारवर धरा."

मग मी बोटांच्या मागे लागलो. बेन होगन या दुसऱ्या मोठ्या अमेरिकन खेळाडूने 1957 मध्ये आपली पद्धत लिहून ठेवली. त्यात दाब सगळ्या हाताचा नसतो, ठरावीक बोटांचा असतो: डाव्या हाताची शेवटची तीन, उजव्या हाताची मधली दोन. उजवा अंगठा आणि तर्जनी यांचा चिमटा तर त्याला मुळीच नको होता. ही दोन बोटं दाबली की दंड आणि खांदा जागे होतात, आणि स्विंगमध्ये घुसतात. वाचून मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. पुढचे दोन आठवडे मी दहा बोटांची हजेरी घेत होतो. करंगळी आहे का, आहे. अनामिका? आहे. तर्जनी, तू नको. एवढं होईपर्यंत मागचे लोक खोकायला लागायचे. कुणी बघत असताना सही करायला गेलं की आपलीच सही खोटी वाटते, तसा माझा स्विंग झाला. बोटं सगळी जागेवर, चेंडू झाडीत.

याच काळात एक अगदी साधी गोष्ट घडली, ती सांगायला जरा लाजच वाटते. माझे क्लब जुने, कुणीतरी वापरलेले. त्यांच्या दांड्यांवरचं रबर, म्हणजे ज्याला धरायचं ते, काळवंडून गुळगुळीत झालं होतं. घामाने, तेलकट हातांनी, उन्हाने रबर कडक होतं आणि मग हातात ठरत नाही. एका ओळखीच्या खेळाडूने माझं सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, सहज हातात घेतलं आणि विचारलं, "हे धरता कसं तुम्ही?" मी त्याला होगन सांगायच्या बेतात होतो. त्याने सांगितलं की ही वरची रबरं साधारण वर्षभरात बदलतात, आणि अधूनमधून साबणाच्या कोमट पाण्याने घासतात. मी बदलली. पुढच्या दिवशी माझी सातची पकड आपोआप पाचावर आली. पिल्लू नाही, होगन नाही, स्नायूंचं शास्त्र नाही. हाताला भरवसा वाटला, त्याने आवळणं कमी केलं. इतके महिने बिचारा बरोबरच वागत होता. गुळगुळीत दांडा सुटू नये म्हणून धडपडत होता, आणि मी त्यालाच शिस्त लावत होतो.

प्रत्येक ठिकाणी एकच आकडा चालतो असंही नाही. उंच, दाट गवतात चेंडू गेला की गवताची पाती क्लबच्या मानेला गुंडाळतात आणि त्याचं तोंड फिरवतात, तिथे जरा घट्टच धरावं लागतं. पावसात तर विचारूच नका. चेंडू हळूच भोकात ढकलायचा क्लब, म्हणजे पटर, हातात असताना पुन्हा हलकं.

नवी रबरं आली, भोक नसलेला मोजा आला, आणि सरावाच्या रेंजवर मी चारवर खेळायला लागलो. सरांनीच ओढून खात्री केली. मग आम्ही मैदानावर गेलो. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, मागे तीन अनोळखी माणसं आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. सरांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "आठ."

"दात बघा तुमचे," ते म्हणाले.

दातांवर दात रोवलेले होते. जबडा आणि मूठ यांचं आतून काहीतरी संगनमत असावं. एक आवळलं की दुसरं आवळतं. तेव्हापासून मी चेंडूसमोर उभा राहिलो की तोंड थोडं उघडं ठेवतो. फोटोत फार वाईट दिसतं.

सातव्या होलला, म्हणजे सातव्या भोकाच्या वाटेवर, तळं आहे. चेंडू त्यावरून पलीकडे न्यायचा, फार नाही, रेंजवर मी तेवढा डोळे मिटून मारतो. पण तळं दिसलं की हात आधी दांड्याकडे जातो आणि मग डोकं. तिथेच एकदा उभं असताना मला वाटलं, आपण बोलताना "जीव मुठीत धरून" म्हणतो ते ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने माणसाचा हात नीट पाहिलेला होता. घाबरलेला माणूस खरंच मूठ आवळतो. मला फक्त हे कळेना की माझ्या मुठीत नेमका कुणाचा जीव आहे. पडला तर चेंडू पाण्यात पडणार. मी काठावर कोरडाच राहणार.

उत्तर मला पिशवीत सापडलं. तळ्याच्या अलीकडे येताच मी नवा चेंडू खिशात ठेवत होतो आणि पिशवीच्या तळातून ओरखडे पडलेला, पिवळट झालेला चेंडू काढून टीवर ठेवत होतो. कधीपासून, ते मलाच माहीत नाही. तो गेला तर गेला. आणि तो हमखास पलीकडे जायचा! पलीकडे गेल्यावर मी तो उचलून जपून पुन्हा पिशवीत टाकायचो. हा एकच म्हातारा चेंडू निदान दहा वेळा तळं ओलांडून गेलाय. त्याच्या मागे पाण्यात किती नवे चेंडू पडले आहेत ते त्या तळ्यालाच माहीत.

सरांना हे कळल्यावर त्यांनी एक दिवस सरळ पाकिटातला नवा, चकचकीत चेंडू काढून टीवर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो पिशवीत होता. तोंड उघडं ठेवलं. दहापर्यंत आवळलं, एकावर आलो, मधे थांबलो. चेंडू पलीकडच्या काठावर आपटला, क्षणभर टेकला आणि घरंगळत पाण्यात गेला.

"किती होतं?" सरांनी विचारलं.

"चार होतं हो! शपथ."

"हो, चारच होतं," ते म्हणाले. "वारा समोरून आहे. एक क्लब मोठा घ्यायला हवा होता."

परवा मोज्याचे तीन महिने झाले. मी तो न फाटलेला मोजा मोठ्या तोऱ्यात सरांच्या हातावर ठेवला. त्यांनी करंगळीखालची जागा चाचपली. कातडं शाबूत होतं. मान हलवली, मोजा उलटा केला, उजेडाकडे धरला आणि अंगठ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. तिथे कातडं इतकं पातळ झालं होतं की पलीकडचा उजेड दिसत होता.

"चला," ते म्हणाले, "आता अंगठा."