मोनेचा बर्फ, शिरोड्याचं मीठ

बर्फ पडताना मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची हिमचित्रं मला भारी आवडतात. १८६०च्या दशकापासून १८९५च्या नॉर्वे दौऱ्यापर्यंत हा गडी थंडीत कुडकुडत बर्फच रंगवत बसला. १८६८-६९च्या 'मॅगपाय'मध्ये कुंपणाची सावली चक्क निळी! पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, चित्र नाकारलं. नाकारणारच, सावली काळीच असते असं मानणारी मंडळी ती. आमच्या शिरोड्याच्या मिठागरात भर उन्हात ढिगाकडे नीट बघा: सावलीच्या अंगाला आभाळाचा निळा उतरलेला असतो आणि खाली चिखलाजवळ तोच मातकट होतो. जलरंगात मी पांढरा लावतच नाही, कागद कोरा सोडतो. मोने तेलरंगवाला, त्याला पांढऱ्यातच सगळं कालवावं लागे. सध्या माझा कोबाल्ट निळा संपलाय. सावंतवाडीला कोणी जाणार असेल तर सांगा.