जागा महिलेसाठी सुटली होती, तरी

नगरपरिषदेचा निकाल डिसेंबरात लागला, पण प्रश्न काही थांबत नाही. भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे विचारतात, "मॅडम, एवढं सगळं तुम्हाला कळतं, प्रभागातली जागा महिलेसाठी सुटली होती, मग उभ्या का राहिला नाहीत?" यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला ऐकताक्षणी कळतं. म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढच्या माणसाला हाच मजकूर फोनवर पाठवीन.

ठरलेलं उत्तर असं: हिशेब तपासणाऱ्यानं गल्ल्यावर बसू नये. मी गेली कित्येक वर्षं दुकानदारांचे आणि दोन पतसंस्थांचे हिशेब लिहून पोट भरते, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडी शोभतं. लोक मान डोलावतात. उत्तर खोटं नाही, पण तेवढंच उत्तर आहे असंही नाही.

नगरसेविका झाले असते तर काय झालं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात पडते, त्यात खरी गोम शेवटच्या ओळीत असते: 'ऐनवेळचे विषय'. तिथे सूचक एक, अनुमोदक एक, बाकीच्यांचे हात वर. माझा विरोध इतिवृत्तात एका ओळीत नोंदला गेला असता आणि ठराव बहुमतानं मंजूर. शिवाय प्रभागात काम आणायचं तर ठेकेदाराशी बोलावंच लागतं. नगरसेवकाला ठेक्यात हितसंबंध ठेवता येत नाही असं कायदा सांगतो. गावात कुणाचा मेहुणा कुणाच्या नावावर काम करतो हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि निवडून आलेले असले काय, नसले काय? आमच्या सभागृहाची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला चालू राहिला, मग सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या मे महिन्यात निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं डिसेंबरात. तोवर प्रशासक. जवळजवळ चार वर्षं गावात एकही नगरसेवक नव्हता, तरी फायली त्याच वाटेनं गेल्या, बिलं त्याच हातांनी निघाली. खेड्यात निदान ग्रामसभेत उठून विचारता येतं. आमच्यासारख्या अर्धवट शहरात प्रभागातल्या मतदारांची क्षेत्रसभा कागदावर आहे. ती भरलेली मी तरी पाहिली नाही.

मग उरतो सोमवार. सरकारी दप्तर दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना पाहू द्यावं, असा 2018 सालचा शासन निर्णय आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. आमच्याकडे त्या शासन निर्णयाची छापील प्रत टेबलावर ठेवल्याशिवाय कपाटाची किल्ली सापडत नाही. ठेवली की सापडते.

आता ती गटाराची गोष्ट. मला ती अर्धीच सांगायची सवय आहे, आज पुढची अर्धीही लिहिते.

एका सोमवारी बांधकाम विभागात दोन एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, शेजारी शेजारी उघडून बसले होते. आखीव रकाने: कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण, खाली कनिष्ठ अभियंत्याची सही. पहिलीत, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून, 'पिठाच्या गिरणीपासून मारुती मंदिरापर्यंत आरसीसी गटार बांधणे'. दुसरीत, राज्याच्या नगरोत्थान योजनेच्या पैशातून, 'मारुती मंदिरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आरसीसी गटार बांधणे'. आधी वाटलं, रस्त्याच्या दोन बाजू असतील. पण ती माझीच गल्ली. डाव्या हाताला गटार आहे. उजव्या हाताला भिंत आहे आणि तिला टेकवून लावलेल्या मोटारसायकली. दोन्ही पुस्तिकांत लांबी सेंटीमीटरपर्यंत एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला टेपचं एक टोक धरायला लावून गटार मोजलं. येणारेजाणारे विचारत होते, "वाटण्या निघाल्या का काय?" माप पुस्तिकेशी जुळलं. म्हणजे काम चोख होतं. एकच, पण चोख. पहिलं बिल निघालेलं, दुसरं सहीवर. मी नकला काढल्या, पानाला दोन रुपयांप्रमाणे, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार दिली. चौकशी लागली, दुसरं बिल थांबलं. स्थानिक पेपरात बातमी आली. मंदिरात माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे.

गटार बांधलं होतं आमच्या मागच्याच गल्लीतल्या एका पोरानं. कागदावर ठेका जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या माणसाचा, काम तोंडी बोलीवर याचं. मिक्सर याचा, मजूर याचे, सळई-सिमेंट उधारीवर यानं उचललेलं. पहिल्या बिलातून थोडी उचल मिळाली. बाकीचं "दुसरं निघालं की देतो". दुसरं बिल कशाचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक दिवस तो घरी आला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, चहा नको म्हणाला. "काकू, ठेकेदार म्हणतो बिल तुझ्या काकूनं अडवलंय, पैसे तिच्याकडून घे. आता मी काय सांगू वो त्याला?" आवाज चढवला नाही. मी त्याला शासकीय पैसा, दुबार देयक वगैरे समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते बरोबरच आहे. पण मजूर रोज दारात येतेत."

ज्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यानं माल उचलला, त्याची खतावणी मीच लिहिते. दुकानदार जुन्या वळणाचा, अजून हातानं लिहून घेतो. मार्चअखेर त्या पोराच्या नावावरची बाकी नव्या पानावर मी ओढली, माझ्या अक्षरात. दिवाळीनंतर त्यानं मिक्सर विकला. पैसे दुकानात भरले, त्याची जमाही मीच घेतली. तरी बाकी उरली. ठेकेदाराला मधल्या काळात शेजारच्या तालुक्यात पेव्हर ब्लॉकचं काम मिळालं. अभियंत्याची बदली झाली, तीही घराजवळ.

माझ्यातली पहिली बाई, जी नकला घेऊन उड्या मारत घरी आली होती, ती म्हणते, हे नुकसान चोरांच्या नावे टाक, तुझ्या नावे नाही. बरोबर आहे तिचं. मी तिला विचारते, मग चोरांच्या खात्यावरून वसूल कोण करणार? ती म्हणते, ते चौकशी अधिकाऱ्याचं काम. अधिकारी म्हणतो, अहवाल वर पाठवलाय. पुन्हा तसा कागद दिसला तर तक्रार करशील का? करीन. आमचं दोघींचं त्यावर दुमत नाही. दुमत आहे ते त्या पोराच्या दारावरून जाताना मान वर ठेवायची की खाली, यावर.

घरातल्यांची भीती वेगळी आहे. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 2010 च्या जानेवारीत सकाळी फिरायला गेले असताना खून झाला, ती बातमी यांनी तेव्हापासून जपून ठेवली आहे. मी फिरायला निघाले की हे दारात उभे राहतात. काही बोलत नाहीत.

तर, उभी का राहिले नाही. मी मनाशी घरं मोजली होती. गिरणीपासून मंदिरापर्यंत किती मतं माझी? शाल देणाऱ्यांची सगळी असती का? अर्ज भरला असता तर हे यंत्रावर आकड्यात दिसलं असतं, आणि मी आकड्यांना घाबरणारी बाई नाही, पण या आकड्याला घाबरले. प्रचारात तो पोरगा पॅनेलची पत्रकं घेऊन आमच्याकडे आला. गाडी ठेकेदाराची होती. पत्रक हातात देताना म्हणाला, "काकू, तुम्हाला वाटंल त्याला द्या." दुकानातल्या बाकीबद्दल मी विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही.

एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नसेल त्यांनी सोमवारी तीनला नगरपरिषदेत यावं. मला आता कपाटाकडून फारशी आशा नाही: माहिती आयोगाकडे दुसरं अपील टाकलं की सुनावणीची तारीख लागेपर्यंत कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत, उलटून जातो. आणि हल्ली नवं कारण आलंय, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं, म्हणून ठेकेदाराचं नावसुद्धा 'वैयक्तिक माहिती'. नव्या सभागृहाचं पहिलं अंदाजपत्रक येतंय, त्याची प्रत मी माहिती अधिकारात अर्ज करून मागितली आहे. महाराष्ट्राच्या नियमानं अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून गटाराच्या वसुलीची ओळ त्यातून काढावी लागली. तिचा अर्ज वेगळा, त्याला दहाचा कोर्ट फी स्टॅम्पही वेगळा.