एल्क-नोंदी : ऑगस्टअखेर, फ्लॅट टॉप्स

कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) धनुष्यबाणाने शिकारीचा सीझन २ सप्टेंबरला उघडतोय, म्हणून उन्हाळाभराची तयारी इथे टाकतो. जागा तीच, मीकर गावाच्या पूर्वेचं फ्लॅट टॉप्सचं पठार. राज्यातला एल्कचा सर्वांत मोठा कळप याच भागात फिरतो, त्यामुळे शिकारीही भरपूर येतात.

यंदा कॉलपेक्षा (एल्कला बोलावायच्या नकली आवाजापेक्षा) वाऱ्यावर जास्त वेळ घातला. एल्कला दिसलात तर तो थबकून बघेल, पण वास लागला की विषय संपला. डोंगरात वारा घड्याळ लावल्यासारखा फिरतो. रात्रभर थंड झालेली हवा पहाटे उताराने खाली येते, उतारावर ऊन पडलं की वर चढू लागते आणि संध्याकाळी सावली पसरली की पुन्हा खाली. सकाळी कळप कुरणातून वरच्या झाडीकडे निघतो तेव्हा मागून, खालून गेलेलं चालतं. साधारण नऊ-दहाला हवा पलटते. त्या मधल्या गोंधळात मी आता हलतच नाही. बसून डबा खातो. हवा एकदा वर चढू लागली की उतार आडवा कापत त्यांच्या उंचीवर किंवा थोडं वर जायचं.

वारा बघायला पावडरच्या बाटलीपेक्षा मिल्कवीडचा कापूस कितीतरी बरा. आपल्या रुईच्या म्हातारीसारखाच तरंगत दूरवर जातो, आणि पन्नास पावलांपुढे हवा कुठे वळतेय तेही दाखवतो. पावडर फक्त नाकापुढचं सांगते.

दुपारी एल्क उत्तरेकडच्या उतारांवर, स्प्रूस-फरच्या गर्द झाडीत, मधल्या छोट्या सपाट टप्प्यांवर बसतात. ट्रायपॉडवर दुर्बीण लावून उजाडताना कळप कुठल्या झाडीत शिरतो एवढं टिपलं की निम्मं काम झालं. एल्क लोळतात त्या चिखलाच्या लोळणीही नकाशावर मांडून ठेवल्यात.

कॉलचं म्हणाल तर डायफ्रामवर (तोंडात धरायची शिटी) मादीचा आवाज बरा जमतोय. (सराव गाडीत, घरात बंदी आहे.) ब्यूगलची, म्हणजे नराच्या ओरडण्याची नक्कल करायची नळी पहिल्या आठवड्यात पिशवीतच राहील. माज खरा चढतो तो सप्टेंबरच्या मध्यानंतर, आणि इथल्या नरांनी नकली ब्यूगल पुष्कळ ऐकलेत. दोघे असू तेव्हा धनुर्धारी पुढे आणि आवाज काढणारा पन्नासएक यार्ड मागे. नर आवाजाच्या जागेपर्यंत येत नाही. जिथून मादी दिसायला हवी तिथे थांबतो, नाहीतर वास घ्यायला वाऱ्याखालून वळसा मारतो. धनुर्धाऱ्याने त्या वळशावर बसायचं.

बाणाची मर्यादा ४० यार्ड, तीही जनावर आडवं उभं असेल तरच. सराव पाठीवर वजन घेऊन, चढ चढून धाप लागलेली असताना करतोय. तीव्र उतारावर रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) कोन धरून काढलेलं अंतरच घ्यायचं, सरळ रेषेचं नाही. नाहीतर बाण वरून जातो.

मांस उतरवण्याचा हिशेब मात्र अजून पटत नाहीये. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ८०-१०० किलो भरतं, आणि वाइल्डरनेसच्या, म्हणजे राखीव रानाच्या हद्दीत हातगाडीलासुद्धा बंदी. सप्टेंबरच्या उन्हात ते लवकर गार करावं लागतं. म्हणजे आतडी न काढता जागेवरच चारही पाय नि पाठीची पट्टी सोडवायची, जाळीच्या पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं आणि खेपा घालायच्या. दोघांच्या पाठीला झेपेल असं अंतर रस्त्यापासून तीन मैल. त्यापलीकडच्या दोन चांगल्या लोळणी यंदा सोडून देतोय. घोडेवाल्याशी बोलणं चालू आहे, दर जमला तर पुन्हा धरीन.