एक कान, दोन दुखणी

चक्करचा पेशंट येतो तेव्हा त्याच्या हातात जाड फाइल असते. मानेचा एक्स-रे, शुगर, ईसीजी, एखादा एमआरआय, आणि बहुतेक वेळा गळ्यात मानेचा पट्टा. पेशंटला कॉटवर आडवं करून कुणी त्याचे डोळे पाहिले होते का, तेवढं मात्र फाइलमध्ये सापडत नाही. अमळनेरला कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून काम करताना हे वारंवार दिसतं आणि दर वेळी जिवाला लागतं. ती तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि तिला एका कॉटशिवाय काही लागत नाही.

मंगळवारी आमच्याकडे गर्दी जास्त असते. मंगळग्रह मंदिरात दर्शनाला आलेली पारोळा, चोपडा, शिंदखेड्याकडची मंडळी दवाखान्याचं कामही त्याच फेरीत उरकून घेतात. पौषातल्या अशाच एका मंगळवारी या मावशी आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, शेतकरी घरातल्या. एक हात मुलाच्या खांद्यावर, दुसरा भिंतीला. खुर्चीत बसतानाही मान ताठ, एखाद्या इंचानंही हलू नये अशी धरलेली. मुलगाच आधी बोलला, "मॅडम, आईची जुनीच चक्कर आहे. दिवाळीपासून फार वाढलीय."

कागद नीट लावलेले होते. निदान काही वर्षांपूर्वीच झालं होतं आणि ते बरोबर होतं: डाव्या कानाचा मेनिएरचा आजार. आतल्या कानातल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं, मग कान जड होतो, आवाज सुरू होतो, ऐकू कमी येतं आणि सगळं घर फिरायला लागतं. ही चक्कर मेंदूतून नाही, आतल्या कानातून येते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्येच मांडलं होतं. मावशींची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणीही तेच सांगत होती. डाव्या कानाला जाड, खालच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते. आवाज एकाच कानात असला की ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. तो एमआरआय धुळ्याला झालेला होता आणि स्वच्छ होता.

खटकली ती गोळ्यांची चिठ्ठी. चक्कर दाबायची गोळी दिवसातून तीनदा, कित्येक महिने चालू. ही गोळी झटका आला की दोन-चार दिवस घ्यायची असते. रोज घेतली तर मेंदूला तोल सावरायचा सराव होत नाही, सुस्ती येते, आणि वय झालेल्या माणसाच्या हाताला कंपही सुटू शकतो.

मी मुलाला थांबवलं आणि मावशींना विचारलं, "चक्कर येते तेव्हा घर फिरतं की तुम्ही डोलता? आणि किती वेळ टिकते?"

"कोनती चक्कर?" त्यांनीच उलट विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांचा हा प्रश्न ऐकून घेणारं कुणी भेटलं नसावं. हळूहळू त्यांनी उलगडून सांगितलं. जुनी चक्कर सकाळी आली तर दुपारपर्यंत राहते. आधी कान भरतो, आवाज वाढतो, मग उलट्या. ती महिना-दोन महिन्यांनी येते. दिवाळीपासूनची वेगळी आहे. रात्री डाव्या कुशीवर वळलं की येते, फडताळातला डबा काढायला वर बघितलं की येते. अर्ध्या-एक मिनिटात थांबते, पण दिवसातून कितीदा येईल याचा नेम नाही. म्हणून त्या उशा रचून, बसल्या बसल्या झोपत होत्या. मान हलवायची नाही, हे त्यांनी स्वतःच शोधलेलं पथ्य होतं. घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही नवी चक्कर जुन्या खात्यात टाकून गोळी वाढवली होती.

बोलणं अडखळतंय का, एकाचे दोन दिसतात का, हातापायाला बधिरपणा आहे का, हे आधी पाहून घेतलं. त्यातलं काही असतं तर गाडी थेट मोठ्या इस्पितळाकडे वळवावी लागली असती. मान दुखते का, तेही विचारलं. मग त्यांना कॉटवर बसवलं, डोकं डावीकडे ४५ अंश वळवलं आणि डोळे उघडे ठेवायला सांगून एका दमात मागे झोपवलं, मान कॉटच्या कडेखाली थोडी झुकेल अशी. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ही तपासणी नीट मांडली. चार-पाच सेकंद काहीच झालं नाही. मग मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं आणि त्यांची बुबुळं वरच्या बाजूला झटके देत गोल फिरू लागली. मुलगा समोरच उभा होता. त्याला म्हटलं, "इकडे या, आईचे डोळे बघा." तो वाकला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. घरात "नाटक करतेय" असं कोण म्हणत होतं ते मी विचारलं नाही. अशी बुबुळं कुणाला ठरवून फिरवता येत नाहीत.

आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलेल तसे घरंगळतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो की तू फिरतोयस. मेनिएरनं आधीच दुखावलेल्या कानात असं होणं नवलाचं नाही. यावर गोळी नाही. अमेरिकेतले जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे: डोकं ठरावीक क्रमानं वळवत खडे नळीतून परत जागेवर आणायचे. मी तेच केलं. डावीकडे एक मिनिट, डोकं उजवीकडे वळवून एक मिनिट, मग उजव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि हळूच उठवून बसवलं. मधे एकदा उलटी झाली, त्यासाठी भांडं तयारच होतं. थोड्या वेळानं पुन्हा तपासलं तेव्हा बुबुळं स्थिर होती.

मावशी छताकडे बघत पडून राहिल्या. मग आपण होऊन डाव्या कुशीवर वळल्या, परत उजव्या, परत डाव्या. "आते काहीच फिरस नही," मुलाला म्हणाल्या. मुलगा रडायला लागला.

खरी कठीण गोष्ट त्यानंतर सुरू झाली. मावशी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "आनि मना कानमा गिरणी चालस रातदिन, तिनं काय?"

तिचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कानातला आवाज बंद करणारी गोळी आज कुणाकडेच नाही, आणि खोटा धीर देणं मला पटत नाही. मी विचारलं, गिरणी कधी जास्त ऐकू येते? थंडीत. उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालतो तेव्हा झोप लागते. पौषातल्या रात्री सगळं गाव निजलं की आवाज डोकं व्यापतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, आता विहिरीवर जात नाही. हे वाक्य मी तसंच जाऊ दिलं नाही. मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "चक्कर येऊन पडाल म्हणून, की मनात दुसरं काही येतं?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. म्हणाल्या, "दोन्ही."

बाहेरचे पेशंट थांबले. थांबणं भागच होतं. ज्या बाईला चार माणसांत वेडी ठरवलं जातं, जिला रात्रभर झोप नाही, तिच्या मनात असं आलं तर ती कमकुवत नव्हे, ती थकलेली आहे. हे मी त्यांना सांगितलं. त्यांची परवानगी घेऊन मुलाला आत बोलावलं आणि काही लपवलं नाही. त्याच दिवशी धुळ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मुलाच्या मोबाइलमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून दिला. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मग आवाजाबद्दल समजावलं. कानातून मेंदूकडे आवाज कमी पोचायला लागले की मेंदू आतला आवाज वाढवून बघतो, आणि तोच ऐकू येतो. त्याची भीती बसली की मेंदू त्याच्याकडे जास्तच लक्ष देतो. म्हणून रात्री पूर्ण शांतता ठेवायची नाही, थंडीतही पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा. डाव्या कानाला श्रवणयंत्र लावलं की बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे पडतो. गोळी हळूहळू कमी केली. मीठ कमी करायला सांगितलं, आणि खान्देशात हे सांगणं म्हणजे मोठंच संकट. कळण्याची भाकरी, लोणचं, उडदाचे पापड, बिबड्या यांशिवाय ताट लागत नाही, आणि मावशी गल्लीतल्या सगळ्यांचे पापड लाटून देणाऱ्या.

उन्हाळ्यात खडे एकदा पुन्हा सरकले. असं होतं. परत बसवले, आणि घरी करायची पद्धत मुलाला शिकवली. चैत्रात मेनिएरचा एक झटका आला, पण कान भरतोय हे ओळखून मावशी आधीच आडव्या झाल्या आणि घरात धावपळ झाली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका झोक्यावर गेल्या तेव्हा त्या खाली उभ्या राहून गाणी म्हणत होत्या, असं मुलगा सांगत होता; झोक्यावर बसायची घाई मीही करू दिली नसती. गिरणी चालूच आहे. यंत्र लावलेलं असताना तिचा विसर पडतो, काढलं की ऐकू येते, पण झोप लागते. विहिरीचा विषय धुळ्याच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला निघतो आणि निघायला हवाच. पापड लाटतात, खात नाहीत.

झटके फार वाढले तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. सध्या ती वेळ नाही. पुढची ऑडिओमेट्री आषाढात आहे. त्या दिवशी सुनेलाही घेऊन येणार आहेत. तान्ह्या बाळाला घेऊन उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. ती कानाची वाटत नाही. येताना हिमोग्लोबिन तपासून आणायला सांगितलं आहे.