खंडेनवमी आणि जुनी पट्टी

ऐरोली, खंडेनवमी

काम दुपारीच आटपलं. घरी येऊन अवजारं धुतली, पुसली, पाटावर मांडून पूजा केली. लेझर लेव्हल, घासायचं मशीन, स्क्रू मारायचं ड्रिल, सगळ्यांना झेंडू वाहिला. बोर्डांच्या भिंतींचे जोड भरायच्या, रुंद पात्याच्या आठ इंची पट्टीला हळदकुंकू लावताना मात्र हात थोडा जास्त रेंगाळला.

साध्या लोखंडी पात्याची आहे ती. आमच्या खाडीच्या हवेत रात्रभर ओली राहिली तर सकाळी गंज धरलाच, म्हणून रोज पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. हाताखालचा पोरगा म्हणतो, "काका, स्टेनलेसची घ्या की, कशाला एवढं जपता?" त्याचं म्हणणं खोटं नाही, गंजाच्या बाबतीत स्टेनलेस सरसच.

पण जोड भरताना सगळा खेळ पात्याच्या लवचिकपणावर असतो. पार्टिशनला लावायच्या जिप्सम बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या ठेवलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की मधे उथळ खळगा होतो. त्यात कंपाउंड, म्हणजे पुट्टीसारखा ओला माल, भरायचं, ५० मिलिमीटरची पेपर टेप बसवायची आणि पट्टीने दाबून जादा माल काढायचा. जास्त दाबलं तर टेपखाली मालच उरत नाही, पुढे फुगा येतो. कमी दाबलं तर उंचवटा राहतो, आणि रंग झाल्यावर खिडकीतून तिरपा उजेड पडला की तो लपत नाही. किती दाबायचं हे मला पातं वाकतं त्यावरून कळतं. झिजून झिजून हे पातं मधे पातळ झालंय, त्यामुळे खालचा माल बोटांना जाणवतो. कोपरे गोल झालेत, ते ओली टेप फाडत नाहीत. नव्या पट्टीचे कोपरे टोकदार असतात. पोराला सांगितलंय, आधी पॉलिश पेपरवर घासून ते गोल कर, मगच भिंतीला लाव.

तयार कंपाउंड पाणी उडून वाळतं, त्यामुळे आकसतं. म्हणून तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. पावसाळ्यात एकेक हात वाळायला जीव खातो, पण घाई केली की जोडावर केसासारखी चीर आलीच. शेवटचा हात कडेला इतका पातळ सुटायला हवा की भिंतीला टॉर्च चिकटवून आडवा उजेड टाकला तरी सावली पडू नये. माझ्याकडून हा हात याच पट्टीने मनासारखा उतरतो.

अमेरिकेत टेप आणि कंपाउंड एकदम लावणारं नळीसारखं यंत्र कित्येक वर्षं वापरात आहे, बझूका म्हणतात त्याला. मोठ्या कामाला ते हवंच, मिळालं तर मीही आनंदाने चालवीन. पण ती टेपसुद्धा नंतर पात्यानेच दाबून बसवावी लागते.

परवापासून घणसोलीच्या ऑफिसचं पार्टिशन. पॅसेजचे जोड पोराला देणार आहे, त्याच्या स्वतःच्या पट्टीने. माझी मी कोणाला देत नाही.