घोड्याचा भाव आणि कापसाचा भाव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात भाव हा शब्द वर्षभर कापसाशी आणि तुरीशी बांधलेला असतो. भाव चढला म्हणजे मालाला मागणी आली, हे शेंबड्या पोरालाही कळते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला निघताना माझ्या भाच्याने, "मामा, रेसमध्ये ज्या घोड्याचा भाव सगळ्यात जास्त, त्याच्यावरच कमी लोक पैसे का लावतात?" असे विचारले, तेव्हा त्याचा गोंधळ कुठे झाला आहे हे माझ्या लगेच ध्यानात आले.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हा शब्द उलटा चालतो. ज्या घोड्यावर लोकांचा विश्वास जास्त, त्याचा भाव उतरतो आणि तोच फेव्हरिट ठरतो. एकास चार असा भाव म्हणजे रुपया लावला तर जिंकल्यावर चार रुपये नफा आणि आपला रुपया परत. याचाच अर्थ पाच वेळांतून एक वेळ, म्हणजे 20 टक्के शक्यता. मी वहीच्या मागच्या पानावर चार घोडे मांडले: एकास एक, एकास दोन, एकास चार आणि एकास नऊ. त्यांच्या शक्यता अनुक्रमे 50, सुमारे 33, 20 आणि 10 टक्के निघाल्या. बेरीज 113 आली, तसा भाच्याने पेन खाली ठेवला, कारण शंभराच्या वर शक्यता असूच शकत नाही. ते वरचे 13 बुकीचे, म्हणजे पैजा घेणाऱ्या व्यापाऱ्याचे असतात. म्हणून भाव म्हणजे घोड्याच्या ताकदीचे निव्वळ माप नसून त्यात लोकांचा विश्वास आणि व्यापाऱ्याचे मार्जिन दोन्ही मिसळलेले असतात.

दुबळा ठरवलेला घोडा जिंकला की लोक भावालाच खोटे ठरवतात, आणि हे मला मनापासून चुकीचे वाटते. 1967 सालच्या इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल शर्यतीत फॉइनाव्हॉन या घोड्याचा भाव एकास शंभर होता. तेविसाव्या अडथळ्याजवळ स्वार नसलेला एक घोडा आडवा आला, पुढचे घोडे एकमेकांवर आदळले, आणि बराच मागे राहिलेला फॉइनाव्हॉन त्या गर्दीतून वाट काढत अडथळा ओलांडून पुढे निघून गेला. तो अखेरपर्यंत कोणाला सापडला नाही, आणि फेव्हरिट असलेला हनी एंड दुसरा आला. आज त्या अडथळ्याला फॉइनाव्हॉनचेच नाव आहे. तरीही एकास शंभर हा भाव चूक होता असे यावरून सिद्ध होत नाही, कारण तो भावच सांगत होता की शंभराहून थोड्या जास्त वेळांतून एकदा असे घडू शकते.

उलट, अशा घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्तच पैसे लावतात. 1949 साली ग्रिफिथ या अमेरिकी अभ्यासकाने हे आकड्यांनिशी दाखवले, आणि पुढे अनेक शर्यतींच्या हिशेबांत तेच दिसत आले: दुबळ्यावर लावलेला पैसा फेव्हरिटवर लावलेल्या पैशापेक्षा जास्त बुडतो. गरिबाच्या घरचा घोडा जिंकावा ही इच्छा माणसाच्या पोटात असते, आणि तिची किंमत तो मोजतो.

2014 साली न्यायालयाच्या निकालाने थांबलेला पट 2021च्या अखेरीस परवानगी मिळाल्यावर पुन्हा भरू लागला, तेव्हापासून आम्ही एकही चुकवलेला नाही. आम्ही तिथे पैसे लावत नाही. भाच्याने फक्त वहीत जोड्यांचे भाव मांडले. नावाजलेल्या जोडीभोवती गर्दी होती, आणि शेजारचे म्हातारे काका एका अनोळखी, हडकुळ्या जोडीकडे बोट दाखवून म्हणाले, "नाव आयकू नोको बाप्पा, खुर पाय." भाच्याने वाकून बैलांचे खुर बराच वेळ न्याहाळले आणि त्या जोडीपुढे एकास वीस लिहिले.

जोडी शेवटून दुसरी आली. तो आकडा खोडू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, राहू दे, अजून ती एकदाच धावली आहे.